रोशनीच्या फॉर्मवरची सही

२४ मार्च, सोमवार
सही नाई करत म्हणजे नाई करत! रोशनीले — माझ्या नातीले — गावच्या युवा गटाचं लीडर व्हायचं हाये. बाया मोह वेचायले जंगलात जातात, तर ही पोरं शिट्ट्या घेऊन संगं जाणार. वाघाच्या भेवानं. मायबाप बल्लारपूरले कामाले, म्हणून फॉर्मवर सही माझी लागते. वय पंधरा. वाघ का वय विचारून येते?

२५ मार्च
गटातली पोरं ओट्यावर बसली होती. विचारलं, काऊन रे, एवढी कायची हौस? राजदीप म्हणे, "टी-शर्ट भेटते आजी, पाठीवर नाव राह्यते." पुनम म्हणे, "लीडरचं नाव सभेत घेतात. घरी तं मले 'ए पोरी'च म्हणतात." खरं बोलली दोघंही. रोशनी मुकाट. ढोंगी!

२८ मार्च
मोहाचा वास घरात शिरला. आमच्या वेळी कोण फॉर्म भरे? चांदणी असतानाच निघत होतो. सात-आठ पोरी, पुढं मी, पत्र्याचा डबा बडवत. चौदाची होती. कोणी लीडर केली नाई, आपणच झाली. काऊन? पुढचीले पहिलं झाड भेटे — खाली फुलांचा सडा! वरून पोरींच्या आया म्हणत, "इंदूच्या भरोशावर पाठवतो." छाती अशी फुगे! येताना फुलं चोखत, गाणे म्हणत येत होतो. तशी चव आता फुलालेही नाई.

३० मार्च
आज मीही बायापोरांसंगं जंगलात गेली, पाहाले. रोशनी सगळ्यात मागं! ओरडली मी, "लीडर पुढं राह्यते, शेपटीले नाई!"
तर म्हणते, "पुढचीले सगळे पायतात, आजी. मागचीले कोण पायते? म्हणून तं मले लीडर व्हायचं हाये."
घरी येऊन मी जेवली नाई. भूक नव्हती, बाकी काई नाई.

३१ मार्च
फॉर्म उद्या द्यायचा हाये. तसाच पडला हाये.

१ एप्रिल
आमच्या त्या सात-आठ पोरींतली मंगली एक दिवस सगळ्यात मागं होती. तिनं दोनदा आवाज देल्ला. साऱ्या गावाले सांगतलं, आयकू नाई आला. आला होता मले. मी पुढं पळाली. वाघानं नेली तिले.
सही केली. उद्यापासून रोशनीच्या मागं मी.