चौकटीला दार नको

मी, साळूबाई कानिफनाथ घावटे, वय ५४, राहणार शनिशिंगणापूर, ता. नेवासा, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझा मुलगा अजिनाथ गावभर सांगतो, आईचं डोकं फिरलंय. म्हणून डॉक्टरचा दाखला जोडला आहे. शिक्षण दुसरी. मजकूर माझा, अक्षरही माझं. कुणी सुधारू नये.

१. घर माझ्या नावावर आहे. मालक अन् मी तेल आणि रुईच्या माळा विकून बांधलं. गावच्या रीतीप्रमाणे चौकटीला पडदा होता, दार नव्हतं. झोप मात्र गाढ लागायची.

अजिनाथला दुकान काढून दिलं. मग त्याला शेजारचा गाळा पाहिजे. मग पार्किंगला जागा. मग यात्रेकरूंसाठी खोल्या. मी म्हटलं, "आरं, शेळीबी पोट भरलं की खाली बसती." तर म्हणतो, "तू शेळीच राहिली, आई." एवढं जमवलं अन् आता त्यालाच चोरीची धास्ती. सागाचं दार बसवलं, वर कुलूप.

नगरच्या दवाखान्यातून पोटाला टाके घेऊन आले, तर घर बंद. भर उन्हात ओट्यावर बसले. फोन केला तर म्हणाला, "गिऱ्हाईक हाय, थांब जरा." गावात चोराला दार न्हाई, अन् माझ्या घरात मला कुलूप!

सून राजनंदिनी शेतातून आली. काही न विचारता दगड घेऊन तिने कुलूप फोडलं. ती माझ्याशी कधी गोड बोलली न्हाई. तेव्हाही म्हणाली, "आत व्हा की, का आवतान देऊ?" सबब माझ्या पश्चात घर तिचं एकटीचं. अजिनाथने तिला विचारून राहावं.

२. माळांची टपरी छबूबाईची. माझ्यासाठी रुई तोडून तिचे हात चिकाने सोलवटले आहेत. अजिनाथने तिकडे डोळा ठेवू नये.

३. दुकान अजिनाथचंच राहील. त्याने पोट भरत नसेल तर माझ्या घरानेही भरणार न्हाई.

४. त्याने दुसरं कुलूप आणलं आहे. मी मेले की ते दार कुलपासकट बिजागऱ्यांतून उपटा अन् माझ्या सरणावर घाला. साग आहे, चांगला पेटेल. अजिनाथ ओरडेल. ओरडू द्या. कुलूप काही जळत न्हाई. राख सावडताना ते उचलून त्याच्या हातात द्या. उशाला घेऊन निजू दे.

हे वाचून घेतलं, पटलं, म्हणून सही केली.

सही: साळूबाई कानिफनाथ घावटे

साक्षीदार:
१. आप्पासाहेब रंगनाथ तांबे, शेजारी
२. गोरक्षनाथ सुतार (दार यानेच केलं. उपटायलाही हाच येईल, कबूल झाला आहे.)

ठिकाण: शनिशिंगणापूर, जि. अहिल्यानगर
दिनांक: १२ मे २०२५