कमिटीला उभ्या राहिलेल्या आपा

आपा, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी काल रात्रीपासून मनात तुमच्याशीच बोलतेय, म्हणून हे लिहायला बसले.

न्हावा शेवाच्या त्या क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात मी आयातीची कागदपत्रं टाइप करायचे, आणि कस्टम्सच्या साहेबांसमोर बसून कंटेनर सोडवून आणणाऱ्या तुम्ही एकट्याच बाई. आसपासच्या ऑफिसांतल्या बायकांना गोळा करून तुम्ही आमची संघटना सुरू केलीत, ती उरणच्या तुमच्या स्वयंपाकघरात. पहिल्याच बैठकीत आम्ही सातजणी फरशीवर बसलोय, प्रत्येकीने आपलं काम सांगायचंय. माझी पाळी आली तशी मी चहाचं निमित्त करून उठले. "बस गो खाली," तुम्ही म्हणालात. "चहा मी करते. तू काय करतेस ते सांग." मी म्हटलं, नुसतं टायपिंग. "आणि कागदातल्या चुका कोन पकडतं?" मीच, म्हटलं. "मग तसं बोल ना." त्यानंतर कस्टम्स एजंटच्या लायसन्सच्या परीक्षेसाठी तुम्ही मला हाताशी धरलंत. समासात पेन्सिलीने लिहिलेलं तुमचं पुस्तक दिलंत. उरणच्या बसमध्ये उभ्या उभ्या प्रश्न विचारायचात आणि उत्तर चुकलं की दोन स्टॉप माझ्याशी बोलायचा नाहीत.

मी पास झाले, एजंटांच्या मोठ्या असोसिएशनची सभासद झाले, आणि त्याच वर्षी तुम्ही तिथल्या कमिटीला उभ्या राहिलात. तोवर कमिटीवर एकही बाई नव्हती. आपल्या मालकांनी सकाळीच मला बोलावून मत कुणाला द्यायचं म्हणून त्यांच्या दोस्ताचं नाव सांगितलं होतं. सभेत ते माझ्या मागच्याच रांगेत बसलेले. तुमच्या नावाला हात वर करायला सांगितलं, आणि माझा हात मांडीवरून हललाच नाही. तुम्ही थोडक्यात पडलात. परतताना, आता घरी जाऊन कुठे स्वयंपाक करत बसशील, जेवूनच जा, एवढंच म्हणालात. मी जेवलेसुद्धा.

आता त्या कमिटीवर चार बायका आहेत, त्यांतली एक मी. काल सीवूड्सला आपल्या संघटनेचा कार्यक्रम होता. एका नव्या मुलीने विचारलं, आपा कमिटीला उभ्या राहिल्या तेव्हा त्यांच्या पाठीशी कोण कोण होतं? "आम्ही सगळ्या होतो," मी म्हणाले. टाळ्या झाल्या, त्या मी घेतल्या.

त्या मुलीला खरं काय ते सांगेन, असं इथे लिहिलं होतं. ते आत्ताच खोडलं, आपा. अजून तेवढी हिंमत नाही.