बंपरला जवसाचे तेल

१४ नोव्हेंबर
हटवारकाका भंडाऱ्याला मामांच्या गॅरेजवर आले. त्यांच्या जुन्या विलायती स्पोर्ट्स कारचा समोरचा बंपर रजईत गुंडाळून, जवाहरनगरहून ऑटोत. सगळा रबराचा. उन्हाने राखेसारखा झालाय. असा दुसरा आता मिळत नाही.
"इंजिन तुह्या मामानं केलं. हे तुले देतो. तुहा हात सावकाश चालते."
ते गेल्यावर मामा : "बिघडला त गॅरेज सोडाचं. करडीले बापाजवळ जाऊन धान कापाचं."

१६ नोव्हें.
साबणाने धुतला, मऊ ब्रशने. वाळला की पुन्हा राखाडी. मोबाईलवर दाखवतात तशी गरम हवा दिली तर काळा रंग वर येतो म्हणे. मामांकडे यंत्र आहे. धीर होत नाही. जळाले तर परत येत नाही.

१८ नोव्हें. करडी
घरी आलो. बाबांना सहज सांगितले. म्हणाले, "जवसाचं तेल लाव. बैलबंडीले लावतो मी, वर्षभर काळी राह्यते."
"बंडी लाकडाची आहे, बाबा."
"मंग थोडंसं लावून पाय ना. घरचंच तेल आहे."
माझ्या कामाबद्दल बाबा पहिल्यांदाच काही बोलले. बाटलीत तेल घेतले.

२१ नोव्हें.
बंपरच्या आतल्या बाजूला बोटभर लावून पाहिले होते. काळेभोर. हाताला लागत नाही.

२२ नोव्हें. करडी
गॅरेजमध्ये घासकामाची धूळ, म्हणून मित्राच्या टेम्पोतून बंपर घरी आणला. ओसरीत पूर्ण लावला, पातळ हात. फार सुंदर. बाबांनी शेजाऱ्यांना बोलावून दाखवला. शेजारचे काका म्हणाले, "सावळी नवरी दिसून राह्यली."

२३ नोव्हें.
मी भंडाऱ्याला कामावर. तेल चांगले वाळावे म्हणून बाबांनी बंपर अंगणात उन्हात ठेवला. मागच्या खळ्यावर मळणीयंत्र सुरू झाले. वारा आमच्या अंगणाकडे.
संध्याकाळी आलो तर बंपरला केस उगवल्यासारखे. सगळा धानाचा भुसा, चिकटलेला. बाबा एकेक काडी नखाने काढत बसले होते. मान वर केली नाही. मीही शेजारी बसून काड्या काढू लागलो.

२५ नोव्हें. गॅरेज
साबणाने निघत नाही. पेट्रोल आधी जुन्या पाइपच्या तुकड्यावर लावून पाहिले, रबर फुगले. म्हणून टर्पेंटाइन, फडक्याला थोडे थोडे. फडके काळे होते. हे तेल निघतेय की रबराची साल?
मामांनी पाहिले. "हे काय लावलं बे?"
"जवसाचं तेल."
"कोणं सांगतलं?"
"कोणी नाही. मीच."
"अस्सं? मले त यात भाऊजीचा वास येऊन राह्यला."
बाबांना ते आधीच 'बैलाचा इंजिनियर' म्हणतात. मी पुसत राहिलो.

२८ नोव्हें.
भुसा निघाला. डाव्या टोकाला, खालच्या वळणात, केसासारख्या चिरा दिसतात. आधीच्या की माझ्या? काम घेताना सगळीकडून फोटो काढले होते. या वळणाचा नाही. सगळे फोटो पुन्हा पुन्हा मोठे करून पाहिले. नाही.

३० नोव्हें.
काका आले. बंपरवरून अंगठा फिरवत गेले, बरोबर त्या वळणाशी थांबले.
"ह्या चिरा पह्यलेच्याच का गा?"
मागून मामा लगेच : "होत्याच ना! जुनं रबर आहे, साहेब."
काकांनी मामांकडे पाहिलेच नाही. माझ्याकडे पाहत राहिले. हो म्हणणे सोपे होते. कदाचित खरेही असते.
मी म्हटले, "मला माहीत नाही."
मग तेल, भुसा, टर्पेंटाइन, सगळे सांगितले. उन्हात कोणी ठेवला ते नाही. काका उठले. चहा आला होता, तो तसाच ठेवून गेले. बंपरही नेला नाही.

१ डिसेंबर
दुपारी काकांचा फोन आला, मामा बाहेर जाऊन बराच वेळ बोलले. आत येऊन म्हणाले, "उद्या बंपर घेऊन जवाहरनगरले जाय. तुलेच एकट्याले बोलावलं."
"कायले?"
"मले काय माहीत? खरं बोलाची हौस तुले, तूच विचार."
बंपर बांधून ठेवला.
संध्याकाळी करडीहून बाबांचा फोन. मामांनी आईला सांगितले असेल, तिच्याकडून त्यांना कळले असावे. म्हणाले, "मी येऊ का संगं? तेल माहं, उन्हात बी मीच ठेवलं होतं. तसं सांगतो त्यायले."
आवाज तुटतोय, थोड्या वेळाने करतो म्हटले. आवाज तुटत नव्हता. अजून फोन केलेला नाही. ते जागे असतील.