माहेरच्या शेळ्या

बिडकीन,
५ फेब्रुवारी १९८८

तीर्थरूप दादास,
आशाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पुंडलिकनगरच्या बालवाडीतली शिकवायची जागा तिथल्या बाईंनी होळीपर्यंत माझ्यासाठी धरून ठेवलीय, हे तुझ्या पत्रात वाचता वाचता चुलीवरचं दूध उतू गेलं. सासूबाई म्हणाल्या की माहेरी लॉटरी लागली काय. मामंजींना विचारलं. ते नाही म्हणत नाहीत, हीच तर अडचण. म्हणाले, पोरी, तुझ्या नावानं शेळ्या करायचं मनात हाय, त्यांचं बस्तान बसलं की खुशाल जा. हे वारल्यापासून दोन वर्षं सगळे माझ्या भल्याचंच बघतायत. भांडू तरी कुणाशी?

म्हणून कंबर कसली. उंचवट्यावर मुरूम टाकून निवारा केला, भोवती बाभळीचं कुंपण घातलं. शेळीला बाधते म्हणून दारची कण्हेर मुळासकट उपटली. वांग्या-मिरचीच्या वाफ्यांवर पालापाचोळा अंथरला, उरलेला खड्ड्यात घातला. पाला, शेण, माती, पाणी, पुन्हा पाला. आता खड्ड्यात हात घातला तर ऊन लागतं. त्यात लेंड्या पडल्या की खत लवकर होईल.

फक्त शेळ्या येत नाहीत. मामंजी दर बाजाराला जातात नि हात हलवत परत येतात. एकीचे दात झिजलेले, दुसरीची कास आखूड. मी रिकामा निवारा रोज झाडते. दादा, मला इथं गुदमरल्यासारखं होतं. काहीतरी कर.

वहिनीला नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
आशा


पुंडलिकनगर, औरंगाबाद,
१३ फेब्रुवारी १९८८

चि. आशीस,
अनेक आशीर्वाद.

रडू नकोस, येडे. गावाकडून आपला गडी कडूबा याच्याबरोबर दोन शेळ्या पाठवतोय, दोन्ही गाभण. व्याह्याकडच्या जनावराला मामंजी नावं ठेवायचे नाहीत. आईनं गळ्यात घुंगरं बांधलीत. तुझ्या वहिनीनं तुझ्यासाठी खोली सारवून घेतली नि बालवाडीच्या बाईंना धुळवडीच्या दुसऱ्या दिवसाचा शब्दही दिला. पेटी भरून ठेव, मी न्यायला येतो.

मामंजींना सा. न. सांग. जपून राहा.
तुझा दादा,
कारभारी


बिडकीन,
२४ फेब्रुवारी १९८८

तीर्थरूप दादास,
शि. सा. न. वि. वि.

शेळ्या पोचल्या. लई देखण्या आहेत. सासूबाईंनी पायांवर पाणी घातलं, हळदकुंकू लावलं, गल्लीतल्या बाया बघायला आल्या. मामंजींचे डोळे भरले. म्हणाले, माहेरानं लेकीला आंदण धाडलं, आता पोरीचा जीव इथं रमंल.

आंदण, दादा. बाजारातून आणल्या असत्या तर नावाला माझ्या, पण घरच्या झाल्या असत्या, सासूबाईंनी सांभाळल्या असत्या. आंदणाचं जनावर लेकीचंच. ते विकायचं नाही, दुसऱ्या हाती सोपवायचं नाही. या घरात आजवर कुणी तसं केलेलं नाही. मी जायचं काढलं तर सासूबाई हसल्या. माहेरची लक्ष्मी टाकून कुठं जातीस, म्हणाल्या. उद्या या व्यायच्या, मग करडं, मग पुन्हा गाभण. आपण दोघंही याच रीतीत वाढलो, नि दोघांनाही आठवलं नाही.

बाईंना सांग, जागा दुसऱ्या कुणाला द्या. पेटी मी रिकामी केली. तू मायेनं पाठवल्यास, म्हणून तुझ्यावरही रागावता येत नाही. ठरल्याप्रमाणे भेटायला ये. फक्त येताना हातात काही आणू नकोस.

आईला यातलं काही कळू देऊ नकोस. आठवण ठेव.
तुझीच,
आशा