दवाईची माती

माय,

च्युस्स-फस्स, च्युस्स-फस्स. फवारणीवाल्यांचा पंप गल्लीच्या पार तोंडाशी असायचा, तेव्हाच तो आपल्या घरात ऐकू यायचा. एक जण बादलीपाशी उभा राहून दांडा खालीवर करतोय, दुसरा लांब नळीनं भिंतीवर पांढरं पाणी मारतोय, आणि आम्ही पोरं नाकाला सदरा लावून मागंमागं. तो वास मला आवडायचा. आता हे लिहायची लाज वाटते, पण आवडायचा. महाराष्ट्र नुकताच झाला होता, मी बोरीच्या शाळेत चौथीत होतो, आणि मोठेपणी आपण कविता शिकवणार हे मनाशी ठरवून टाकलं होतं.

त्या वर्षी ते लोक आपल्या दारात आले तेव्हा तू आतल्या खोलीत बाजेवर होतीस. बाजेखाली शेगडी, कुशीत माझी धाकटी बहीण, अजून नावही न ठेवलेली. आजी दारात आडवी उभी राहिली. "बाळंतीण हाये आत. सव्वा महिना झाल्याबिगर परका मानूस आत जात नाही." फवारणीवाला हसून म्हणाला, "आजी, मच्छर थांबते काय सव्वा महिना?" आजीला राग आला. तिनं त्याच्या सात पिढ्या काढायला सुरुवात केली, तेवढ्यात आतून तुझा आवाज आला, "येऊ द्या हो त्याईले. मागच्या साली थंडीतापानं सारं घर आडवं केलंतं. माह्या पोरीले नको तो ताप." आणि तू पोरीला लुगड्यात गुंडाळून, डोक्याला बांधलेल्या फडक्यासकट, उठून स्वयंपाकघरात जाऊन बसलीस. सव्वा महिन्याच्या आत बाळंतिणीनं खोलीचा उंबरा ओलांडला म्हणून आजी तुझ्याशी कितीतरी दिवस धड बोलली नाही. तो माणूस जाता जाता बजावून गेला, "बाई, आता भिंती सारवू नका बरं. दवाई झाकून जाईन."

भिंत सारवायची नाही म्हणजे तुझ्या त्या कोपऱ्याचं काय, असं माझ्या लगेच मनात आलं होतं. तुला मातीची आवड होती. बहीण पोटात होती तेव्हापासून चुलीमागच्या भिंतीची माती तू अंगठ्याच्या नखानं उकरायचीस आणि कोणाचं लक्ष नाही असं पाहून जिभेवर ठेवायचीस. वाटीएवढा खड्डा पडला होता तिथं. दर सारवणाला तू तो बुजवायचीस आणि पुन्हा खायचीस. आजी शेजारणीला सांगायची, "सुना घर खातात म्हनते लोकं, मले खोटं वाटे. आमची खरंच खाऊन राह्यली वो!" तू पदरात तोंड लपवून हसायचीस. पण त्या दिवशी आजी खरोखरच काळजीनं म्हणाली, "आता तरी सोड. दवाई मारली हाये त्याच्यावर."

तेव्हाचं तुझं उत्तर मला अक्षर न् अक्षर आठवतं. मी चुलीपाशी बसून कवितेचं पाठांतर करत होतो. तू पोरीला पाजत होतीस. म्हणालीस, "मंग त बरंच हाये ना. दवाईचीच माती झाली आता. लेकराले औषध द्याचं असलं त वैदू मायलेच देते. मी खाईन, त दुधातून पोरीले लागू पडन."

माय, ते दुधातून जातं हे तुला बरोबर कळलं होतं. नेमकं काय जातं, तेवढंच कळलं नव्हतं. आणि ते तेव्हा कोणालाच कळलेलं नव्हतं. त्या बादलीवाल्यालाही नाही, आमच्या गुरुजींनाही नाही. त्या साली आपल्या घरात कोणाला थंडीताप आला नाही, हेही खरं आहे. तू ज्यासाठी उंबरा ओलांडलास ते तुला मिळालं होतं.

हे सगळं आज का उगाळतो आहे ते सांगतो. माझी नात बाळंतपणाला आली आहे, इथं यवतमाळला, तिच्या आईबापाकडे, म्हणजे आमच्याच घरी. मुलगा झाला. घरात पुन्हा शेपूचा, ओव्याच्या शेगडीचा वास सुटला, आणि मला जुने दिवस आठवायला निमित्तच लागत नाही. परवा सकाळी चहा घेताना पेपर वाचत होतो. शेतात मारलेली, घरात मारलेली औषधं आईच्या दुधात उतरतात, असा मजकूर होता. मी तो मोठ्यानं वाचला. वाचून थांबायला हवं होतं. पण वर्गात शिकवण्यात हयात गेली, समोर ऐकणारं कोणी असलं की मला राहवत नाही. मी तुझी गोष्ट सांगितली. भिंत, खड्डा, दवाईची माती, सगळं हातवारे करून. सूनबाई हसली, मुलगा हसला. नात हसली नाही. तिनं विचारलं, "मग त्या बाळाचं पुढं काय झालं, आजोबा?"

त्या बाळाला ती चांगली ओळखते. ती तिची बोरीची आत्याआजी. तिला फक्त ते बाळ कोण हे ठाऊक नव्हतं. मी काय करावं? गोष्टीला शेवट हवा म्हणून आवाज खाली आणला आणि म्हणालो, "बघतेस ना तिला? बोटभर राहिली. शाळेत डोकं चाललं नाही. दुधातच आलं होतं, दुसरं काय."

कोणत्या डॉक्टरानं मला हे सांगितलं होतं? कोणीच नाही. तूही ठेंगणीच होतीस. आजीचा हात उंच फळीला कधी पोचला नाही. आणि बहिणीचं डोकं शाळेत चाललं नाही, कारण तिला तिसरीतून काढून कापूस वेचायला पाठवलं आणि मला शिकवलं. हे सगळं मला माहीत होतं. पण कवितेत यमक जुळतं तसं ते वाक्य जुळलं, आणि मी ते बोलून गेलो.

त्या दुपारपासून नात पाजत नाही. डब्याचं दूध आणलं, बाटली आणली. पोरगं बाटली तोंडातून काढून टाकतं आणि रडून रडून लाल होतं. तिच्या छातीत गाठी झाल्या, अंगात कणकण आली. सूनबाई गरम फडक्यानं शेकते. काल मी अंगणातून आत येत होतो, तर ती मोरीशी वाकून दूध पिळून टाकत होती. पांढरी धार मोरीत, वर नळाचं पाणी. मला पाहून तिनं पाठ फिरवली. मी तसाच अंगणात परतलो. डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं, अगं, हे सगळ्यांच्याच अंगात थोडंथोडं असतं, पाण्यातून येतं, भाजीतून येतं, तरी बाळाला आईच्या दुधासारखं दुसरं काही नाही, पाज. नातीनं ऐकून घेतलं. फोन ठेवल्यावर माझ्याकडे पाहून म्हणाली, "लहानपणी तुम्हीच म्हणवून घ्यायचे ना माझ्याकडून, आईचं दूध म्हणजे अमृत? कवितेत अमृत अन् पेपरात जहर. तुम्ही तर शिकवायचे, तुम्हीच सांगा, कोणतं खरं?"

दोन्ही खरं असू शकतं, एवढंच म्हणायचं होतं. तुझ्या दुधात ती भिंत होती आणि तुझी सगळी माया होती, आणि बहीण त्या दोन्हींवर वाढली. पण हे बोललो असतो तर तेही पुन्हा पाठांतराचंच वाटलं असतं. मी खोलीत आलो आणि दार लोटून घेतलं. तुला हाक मारावीशी वाटली म्हणून हा कागद घेतला. हा कुठं टाकणार, कोणत्या पत्त्यावर?

थांब. फाटकाची कडी वाजली.

आता या उन्हात कोण? खिडकीतून पाहतो तर बहीण आहे. माय, तुझी ती बोटभर पोरगी! गुडघे धरलेले, एसटीत उलटी होते म्हणून दिवाळीलाही येत नाही ती, आणि आज एकटी, हातात पिशवी, पदराला घाम पुसत उभी. सूनबाईनं फोन केला असणार. म्हणजे माझं ते वाक्य तिच्यापर्यंत पोचलं.

दार सूनबाईनंच उघडलं. बहिणीनं मला हाकही मारली नाही. नुसतं एवढंच ऐकू आलं, "कुठी हाये पोरगी? अन् तो मास्तर कुठी दडला? राहू दे, त्याच्याशी मंग बोलतो." मग नातीच्या खोलीतून, "हे डिंकाचे लाडू. आन लेकराले इकडं. घे छातीशी. काहून रडतं? मी नाही वाढली काय? बुटकी हाये त बुटकी हाये, तीन पोरं पाजून मोठे केले म्या. घे, घे बाई, त्याले भूक लागली हाये." त्यावर नात काहीतरी हळू बोलली. मला ऐकू आलं नाही. मग बहीण म्हणाली, "मले काय मालूम त्यात काय होतं? गोड होतं, एवढं मालूम."

पोरगं अजून रडतंय. आता थोडं कमी. मी कान लावून बसलो आहे.

बहिणीसमोर जायच्या आधी एक गोष्ट तुला सांगून टाकतो. परवा मी ती सगळ्यांपासून लपवली. तू पुन्हा माती खाल्लीस हे मी आजीला सांगू नये म्हणून तू त्या कोपऱ्यातला एक तुकडा माझ्याही हातावर ठेवायचीस. फवारल्यानंतरही. मी कविता म्हणत म्हणत तो चघळायचो. खारट लागायचा, आणि मी आणखी मागायचो.

रडणं थांबलं.