घरगाडीचा हीटर आणि कुंभारणीचं बिऱ्हाड

ॲरिझोना, वाळवंटातून
शुक्रवार

चि. ऑरिन,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. तुझा गुडघा, मार्लिसचं ब्लडप्रेशर आणि तुमच्या मिनेसोटातला बर्फ, तिन्ही आटोक्यात आहेत असं धरून चालते. मी ठणठणीत. हीटर पेटला. खरं तर पत्र इथेच संपलं, पण तू खोदून खोदून विचारशील, म्हणून लिहिते.

रविवारी फोनवर मी तुला शब्द दिला होता, की शुक्रवारपर्यंत हीटर पेटला नाही तर ही घरगाडी तू शोधलेल्या गिऱ्हाइकाला द्यायची आणि मी मुकाट तुमच्या तळघरातल्या खोलीत राहायला यायचं. (गाडी शहाऐंशी सालची आहे, मान्य. माझी हाडं त्याहून जुनी, ती कुणी विकायला काढत नाही.) वाळवंट म्हणजे ऊन असं तुम्हाला वाटतं. सोमवारी सकाळी माझी कवळी कपातल्या बर्फात रुतून बसली होती! हीटरचं बटण फिरवलं की पंखा घूंऽऽ करून फिरायचा, मग टक टक टक, आणि ज्योतीचा पत्ता नाही. नुसता गार वारा. शेगडी पेटत होती, म्हणजे गॅस होता. पंखा जोरात, म्हणजे बॅटरीही धड. एवढं मला कळतं, तीस वर्षं शाळेची बस हाकलीय.

पण इथे घरगाड्यांच्या तळावर कुणाची गाडी बिघडली की बाकीच्या म्हाताऱ्यांचा सण असतो. जो तो आपली घडीची खुर्ची घेऊन हजर. शेजारचा एल्डन (आरमारातून रिटायर झाला, अजून हुकूम सोडतो) कान लावून म्हणाला, "व्हेल्डा, सर्किट बोर्ड गेला."

"उघडून बघितलास?"

"बघायचं काय त्यात? आवाजच सांगतोय."

बुधवारी नवा बोर्ड आला, त्याने बसवला. घूंऽऽ, टक टक टक. "आता विकून टाक बाई हे खटारं," म्हणाला. मी म्हटलं, "तू आधी तुझी खुर्ची उचल."

काल गॅसची टाकी बंद केली आणि बाहेर हीटरच्या धुराच्या नळीवरची जाळी उचकटली. ही जाळी एल्डननेच ऑक्टोबरात सगळ्यांच्या गाड्यांना ठोकलेली, कुंभारीण माश्या आत शिरून मातीची घरं बांधू नयेत म्हणून (त्या मेल्यांना गॅसचा वास भारी आवडतो). बघते तर आत मातीचं हे एवढं बिऱ्हाड! कुंभारीण आधीच आत होती, या शहाण्याने वरून जाळी ठोकून तिला पक्का दरवाजा करून दिला. चमच्याच्या दांड्याने सगळी माती कोरून काढली, टाकी उघडली, बटण फिरवलं. घूंऽऽ, टक टक, भप्प! ऑरिन, मी तिथेच फरशीवर पाय पसरून बसले. डोळ्यांतून पाणी आलं (धूळ फार होती). एल्डन म्हणतो, नवा बोर्ड होता म्हणून पेटला. म्हणू दे. त्याला वाडगाभर सूप दिलं नि गप्प केला.

तेव्हा गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळव.

तुझी
व्हेल्डा

ता. क. मंगळवारी एक जाड पाकीट पोस्टात टाकलंय. त्यात गाडीचे कागद आहेत, सही केलेले. न फोडता परत पाठव.

आणखी ता. क. मार्लिसने फोडलंच असेल. तर कागद परत पाठव आणि सोबतचं चार पानी पत्र जाळ. "एकटीला भीती वाटते, न्यायला ये" हे मी नाही लिहिलं, थंडीने लिहिलं. पण निघायची तयारी झाली असेल तर मोडू नकोस. ये. परत मात्र एकटाच जायचं.