ताऱ्यासकट एक

सोमवार, १० नोव्हेंबर

सपातांच्या बाईंचं दुकान माझ्या हातून बंद होणार! नोकरीला लागून जेमतेम एक उन्हाळा झाला, आणि हे.

ओरसागोवाबाई घरात घालायच्या लोकरीच्या सपाता शिवतात आणि आमच्या साइटवर विकतात. आजवर पाचपैकी पाच तारे. मग ऑक्टोबरपासून एक तारा, एक तारा, पुन्हा एक तारा! देणारे सगळे व्सेतिन गावचे. सोबत शब्द एकही नाही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातल्या मिकुलाशच्या सणापर्यंत सरासरी सावरली नाही तर नाताळच्या पानावरून त्यांचं नाव काढायचं. त्या पानावरच त्यांचं सगळं वर्ष चालतं.

"नियम म्हणजे नियम, वेंदुला," वाव्रासाहेब म्हणाले. "तारे गिऱ्हाईक देतं. आपण फक्त मोजतो."

मी मोजायला आले नव्हते इथे. गल्लीतल्या शिंपिणीला आणि मोठ्या कारखान्याला एकच फूटपट्टी लागते, म्हणून आले होते.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

बाईंना फोन केला. म्हटलं, तक्रार नोंदवा, कुणीतरी मुद्दाम करतंय.

"मुद्दाम? अगं पोरी, पाय त्यांचे. टोचत असतील."

"पण त्याच लोकांना तुम्ही पाच तारे दिलेत!" (आमच्याकडे विकणाराही गिऱ्हाइकाला तारे देतो.) "त्यांचा एक बघितल्यानंतर!"

"मग? पैसे वेळेवर दिले, बोलले गोड. त्यांनी एक दिला म्हणून मीही एकच टेकवायचा? त्याला मत नाही म्हणत, भांडण म्हणतात. — आणि हे बघ, थंडी पडलीय. तू ऑफिसात पायात काय घालतेस?"

दुकान बुडतंय त्यांचं, आणि विचारतात माझ्या पायांचं! मला नसतं जमलं. माझ्या हाताने तो एक कधीच दाबला गेला असता.

शनिवार, १५ नोव्हेंबर

घरी, कारोलिंकाला. बाबा बसच्या ड्युटीवरून आले ते दारातूनच सुरू — "या पदवीधरबाई! विद्यापीठात तारे मोजायला शिकवतात होय?" आणि लगेच शेजारच्या काकांना, "पहिलीपासून हिचे सगळे एक!" माझी थट्टा फक्त त्यांनी करायची, दुसऱ्या कुणी नाही.

आई सप्टेंबरपासून खसखशीचे फ्रगाल — आमच्याकडचे ते परातीएवढे गोड पाव — साइटवर विकते. तिला पहिलाच शेरा आला: पाच तारे! बाबांनी डेपोत छापून आणून तो फ्रिजवर चिकटवलाय. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात. आई तिकडे बघतसुद्धा नाही. "पुरे ते कौतुक," म्हणते आणि पाठ फिरवते.

किती साधी आहे माझी आई!

मंगळवार, १८ नोव्हेंबर

व्सेतिनच्या सगळ्यांना निरोप पाठवले. उत्तर कुणाचंच नाही.

गुरुवार, २० नोव्हेंबर

हसू की रडू!

शेवटी त्यांच्यातल्या एकीला फोन लावला. कोनेच्नाबाई, निवृत्त शिक्षिका. म्हाताऱ्यांच्या मंडळात संगणक शिकवतात. मी सपातांचं नाव काढलं मात्र —

"बरं झालं फोन केलास! त्या बाईला सांग, आम्ही पैसे वेळेवर भरले, आभार मानले. आणि तिने आम्हाला पाच दिला? सगळ्या मंडळाला? नापास?"

"नापास?"

"म्हातारा झेलिंका दोन दिवस जेवला नाही! जन्मात त्याला पाच मिळाला नव्हता. आणि आम्ही तिला काय दिलं होतं? एक! नुसता नाही, ताऱ्यासकट एक!"

मी खुर्चीवरून पडायची राहिले. शाळेतले गुण! एक म्हणजे अव्वल, पाच म्हणजे नापास. आणि फारच सुंदर वही असली की बाई त्या एकापुढे तारा काढायच्या. सोळा-सतरा वर्षं मी स्वतः ते एक घरी आणले, आणि मलाच सुचू नये!

"पण बाई, मग दोन शब्द तरी लिहायचे..."

"गुणपत्रिकेत निबंध लिहीत नाहीत, मुली."

तारे उलटे मोजायचे, हे समजावून सांगितलं. मग एकदम, "अरे देवा! त्या बाईच्या सपाता घालून मी इथे बसलेय! बुधवारच्या तासाला सगळ्यांकडून दुरुस्त करून घेते." फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, "मी मोजूनमापून देते हो. उभ्या वर्षात पाच एकीलाच दिला. कारोलिंकाची कुणी. खसखस कडू होती."

मी "बरं" म्हटलं. एवढंच म्हटलं.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

वाव्रासाहेबांना सगळं सांगितलं. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. मग त्या पाचाचं सांगितलं. कुणाचा, तेही.

"तो राहू दे की. त्या बाईंच्या लक्षात कुठे येणार! एकच तर शेरा आहे तुझ्या आईचा."

एकच आहे. म्हणूनच तर.

सोमवार, २४ नोव्हेंबर

ओरसागोवाबाईंच्या वाट्याचे एक सुधारायचे आणि आमच्या घरचा पाच झाकून ठेवायचा — मग मी फूटपट्टी कसली? कोनेच्नाबाईंना पुन्हा फोन केला. म्हटलं, कारोलिंकाचा पाचही उलटाच पडलाय, तोही बघा. ती माझी आई आहे, हेही सांगितलं.

"हं," म्हणाल्या. "तुला एक."

बुधवार, २६ नोव्हेंबर

झालं! सगळे पाच! ओरसागोवाबाईंचं नाव नाताळच्या पानावर राहिलं. फोनवर खूश होतील म्हटलं, तर — "माझ्या पाचामुळे तो आजोबा जेवला नाही? अगं बाई गं! त्याच्या पायाचं माप विचार बरं."

आईच्या पानावर आता एकच तारा आहे. तिने अजून पाहिलेलं नाही. शनिवारी घरी जाऊन मीच सांगणार.

शनिवार, २९ नोव्हेंबर

सांगितलं. बाबा लाल झाले. आईने हात पुसले, फ्रिजवरचा कागद काढला, घडी घातली.

"सुटले," म्हणाली. "तयार दळलेली खसखस घेतली होती त्या वेळी, घाईत. कडू होती, मला माहीत होतं. रोज फ्रिजातून दूध काढताना तो पाच माझ्याकडे बघायचा."

आज खसखस घरी दळली. सोमवारी एक फ्रगाल व्सेतिनला जाईल. आईने सोबत चिठ्ठी ठेवलीय — 'बाई, पुन्हा तपासा.'